आउटबोर्ड बोटींची हौशी शर्यत: बेचाळिशीत सुरुवात करता येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ मूळचे मुंबईचे, आता सिएटलजवळ केंटला राहतात, वय ४२. मार्च २०१७ मध्ये मरीन ड्राइव्हसमोर झालेली पॉवरबोटींची शर्यत त्यांनी कठड्यावर बसून पाहिली होती. या उन्हाळ्यात इथल्या एका तळ्यावर गुडघ्यांवर बसून लहान बोटी पळवणारी माणसं त्यांना दिसली आणि हे आपल्यालाही जमेल असं वाटलं. कोणती बोट घ्यावी, कोणतं इंजिन घ्यावं, खर्च किती येईल आणि वेगाची भीती कशी घालवावी, असं ते विचारतात. घरून विरोध आहे, पण दहा वर्षांच्या मुलीला त्यांच्याहूनही जास्त उत्साह आहे.

मी वॉशिंग्टन राज्यात २००५ पासून २०२१ पर्यंत, मधलं २०२० साल सोडून, सोळा मोसम धावलो. सुरुवात केली तेव्हा चाळीस वर्षांचा होतो, म्हणजे जवळपास तुमच्याच वयाचा. आता धावत नाही, पण शर्यत असली की किनाऱ्यावर कामाला असतो. त्यामुळे वयाचं उत्तर लगेच देतो: हो, करता येते. बाकीच्या प्रश्नांना वेळ लागेल.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. मरीन ड्राइव्हला तुम्ही पाहिल्यात त्या मोठ्या, एका बोटीत दोन माणसं बसणाऱ्या, प्रायोजकांच्या पैशावर चालणाऱ्या बोटी. तळ्यावर पाहिलंत ते निराळं आहे. इथे बोट प्लायवुडची, चार माणसं सहज उचलतील एवढी. इंजिन बाहेरून मागच्या फळीला अडकवलेलं, म्हणूनच आउटबोर्ड. बक्षीस म्हणजे एक चषक किंवा लाकडी पाटी. सोमवारी सकाळी जो तो आपल्या नोकरीवर हजर. अमेरिकन पॉवर बोट असोसिएशन ही संस्था १९०३ पासून आहे आणि तिच्या नियमांखाली या हौशी शर्यती होतात. वर्गही पुष्कळ आहेत: इंजिनानुसार, बोटीच्या आकारानुसार, वयानुसार.

तुम्ही इंजिनाबद्दल विचारलंत. मला मात्र तुमच्या प्रश्नात एक माणूस दिसला नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. बोट पाण्यात सुटते कशी ते पुढच्या वेळी नीट पाहा. या इंजिनांना न्यूट्रल नसतो, ब्रेक नसतो, रिव्हर्सही नसतो. चक्राला दोरी गुंडाळून ती ओढायची, इंजिन पेटलं की पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरायला लागलाच. म्हणून एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बोटीची मागची बाजू उचलून धरतो, पंखा पाण्याबाहेर ठेवतो. तुम्ही गुडघ्यांवर बसून थ्रॉटलची मूठ आवळता, इंजिनाचा आवाज भरला की मान हलवता, आणि तो बोट खाली ठेवून पुढे ढकलतो. तो अर्धा सेकंद आधी सोडेल तर इंजिन गुदमरून बंद पडेल. वाकडी ढकलेल तर तुम्ही शेजारच्या बोटीवर जाल. फिरत्या पंख्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभं राहून तो हे करतो. एकट्याने या खेळात कितीही पैसे ओतले तरी बोट पाण्यात जात नाही.

माझा पहिला मोसम याच कारणाने वाया गेला. गॅरेजमध्ये बोट चकचकीत तयार होती. तळ्यावर गेल्यावर मात्र दर वेळी कुणातरी अनोळखी माणसाला हात जोडायचे. त्याला स्वतःचीही शर्यत असायची, मग माझी दोरी शेवटची. दुसऱ्या वर्षी बायको म्हणाली, 'मला शिकवा, मी धरते.' रबरी वेडर्स (पाण्यात उभं राहायची बूटसकट विजार) घालून ती दहा वर्षं पाण्यात उभी राहिली. लोकांना माझे चषक दिसले, पण तिच्या खांद्याचं दुखणं फक्त आम्हा दोघांना माहीत आहे. म्हणून घरातला विरोध 'समजूत घालून' बाजूला सारू नका. घरच्यांना एकदा पिटमध्ये, म्हणजे किनाऱ्यावर बोटी तयार करतात तिथे, आणा, सगळं जवळून दाखवा, मग निर्णय एकत्र घ्या. घरचं कुणी येणार नसेल तर दुसरा एखादा स्पर्धक शोधा, ज्याचा वर्ग तुमच्याहून वेगळा आहे. तुम्ही त्याची बोट धरायची, त्याने तुमची.

हे जुळलं असं धरून आता इंजिनाकडे येतो. वर्ग कोणता हे तुमच्या वजनावर, गुडघ्यांवर आणि तुमच्या भागात कोणत्या वर्गाला गर्दी आहे यावर ठरेल. प्रत्येक वर्गात बोट, इंजिन आणि चालक मिळून किमान वजन ठरलेलं असतं, शर्यत संपल्यावर तराजूवर चढवतात. शरीर भारी असेल तर लहान इंजिनाच्या वर्गात तुम्ही कायम मागे राहाल, आणि त्यात तुमचा दोष नसेल. माझं वजन तेव्हा ८२ किलो होतं, म्हणून मी यामातो इंजिनाच्या वर्गात गेलो.

या यामातोची गोष्ट सांगायलाच हवी. जपानमध्ये १९५२ साली नागासाकी प्रांतातल्या ओमुरा इथे बोटींच्या शर्यतींवर अधिकृत पैजा सुरू झाल्या. त्याला क्योतेई म्हणतात, आज तिथे अशी २४ मैदानं आहेत. सहा बोटी, तीन फेऱ्या, आणि सगळ्यांना एकाच बनावटीचं यामातो इंजिन: दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, सुमारे ४०० सीसी. कोणतं इंजिन कुणाला हे चिठ्ठी काढून ठरतं. तिथे इंजिनं ठरावीक काळाने बदलतात आणि जुनी झालेली काही समुद्र ओलांडून आमच्याकडे येतात. जपानमध्ये लोकांनी ज्याच्यावर पैसे लावले तेच इंजिन अमेरिकेत एखादा सुतार किंवा शाळामास्तर शनिवारी पळवतो. मला याचं फार अप्रूप वाटायचं. माझ्या पहिल्या इंजिनावर जपानी आकड्यांची पट्टी होती, ती मी शेवटपर्यंत काढली नाही.

नवशिक्याला अशा वर्गाचा फायदा मोठा. सगळ्यांचं इंजिन सारखं, आत कोरीव काम करायला मनाई, आणि जिंकणाऱ्याचं इंजिन शर्यतीनंतर उघडून मापतात. त्यामुळे तुम्ही हरलात तर कुठे हरलात ते कळतं. मी २००५ मध्ये जुनी बोट, इंजिन, ट्रेलर आणि दोन पंखे मिळून ३,२०० डॉलर दिले होते. आजचा भाव निराळा असणार, पण नियम तोच: चालत्या स्थितीतला, मागच्याच मोसमात धावलेला, पूर्ण संच घ्या. सुटे भाग जमवून स्वस्तात बांधू म्हणाल तर दोन उन्हाळे गॅरेजमध्येच जातील. इंजिन घेण्याआधी आत पाणी जाऊन बेअरिंगना गंज चढलाय का ते माहीतगाराकडून तपासून घ्या. मला एकाने 'कधीच बुडालेलं नाही' असं सांगून विकलेलं दुसरं इंजिन उघडलं तेव्हा आत तांबूस रेती होती.

बोटीत दोन घराणी आहेत. हायड्रोप्लेनला पुढे दोन्ही बाजूंना पायांसारखे दोन स्पॉन्सन असतात. वेग आला की बोट ते दोन आणि मागे पंखा अशा तीन ठिकाणीच पाण्याला टेकते, बाकी अंगाखाली हवा. रनअबाउटचा तळ सलग असतो, तिला वळणात अंगाच्या जोरावर कडेवर उभी करावी लागते. मी हायड्रोपासून सुरुवात केली आणि तुम्हीही तेच करा. रनअबाउट शिकवते जास्त, पण चाळिशीनंतरच्या कमरेला पहिल्याच वर्षी तिच्या हवाली करू नये. मी पाचव्या मोसमात तिच्यावर बसलो आणि पहिले तीन दिवस भिंतीला धरून जिना उतरलो.

आता घड्याळ. वेग, पैसा, इंजिन या सगळ्यांपेक्षा नवशिक्याला हेच जास्त छळतं, आणि याच्याबद्दल आधी कुणी सांगत नाही. या शर्यतीत बोटी रांगेत उभ्या राहून सुटत नाहीत. सगळ्या आधीच पाण्यात फिरत असतात. किनाऱ्यावर एक मोठं गोल घड्याळ असतं, शेवटच्या मिनिटाला त्याचा काटा सुटतो. तो शून्यावर येईल त्या क्षणी तुम्ही भर वेगात प्रारंभरेषेवर असायला हवं. आधी ओलांडली तर बाद. उशीर झाला तर पुढच्यांच्या फवाऱ्यात. क्योतेईत तर शून्यानंतरच्या एका सेकंदाच्या आत रेषा ओलांडावी लागते, नाहीतर त्या बोटीवरच्या पैजांचे पैसे परत करतात.

तासाला १०० किलोमीटर वेगाने बोट सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे अर्ध्या सेकंदाची चूक झाली की तीन-चार बोटींच्या लांबीचा फरक. आणि शर्यत केवढी? आमच्याकडे साधारण एक मैलाच्या तीन फेऱ्या, साडेतीन-चार मिनिटांत खेळ खलास. सुरुवातीला गमावलेलं भरून काढायला वेळच नसतो. पहिल्या मोसमात मी दोनदा बाद झालो आणि उरलेल्या वेळा घाबरून इतका मागे राहिलो की रेषेपाशी पोचेपर्यंत पहिले भिडू वळणात शिरलेले.

यावर मला येल्मजवळच्या लेक लॉरेन्सवर एका सत्तरीच्या माणसाने उपाय सांगितला. त्याने माझी बोट धरली होती, आणि मी परत आल्यावर एवढंच विचारलं, 'तू घड्याळ बघत होतास का पाणी?' मी म्हटलं, घड्याळ. तो म्हणाला, 'म्हणूनच.' मग त्याने पलीकडच्या काठावरचा एक पांढरा धक्का दाखवला. सरावाच्या वेळी त्या धक्क्यापासून रेषेपर्यंत भर वेगात किती सेकंद लागतात ते मोजायचं. समजा अकरा. मग शर्यतीत काम एकच: काटा अकरावर असताना धक्क्यापाशी असायचं आणि मूठ पूर्ण आवळायची. वारा समोरून असेल तर बारा, बोटी जास्त असून पाणी उसळलेलं असेल तरी बारा. घड्याळाकडे नजर दोनदाच टाकायची, बाकी वेळ शेजारच्या बोटींवर. मी प्रत्येक तळ्यासाठी असा एक धक्का, एक झाड, एक छप्पर वहीत लिहून ठेवायचो. त्या वहीत सोळा वर्षांची झाडं आहेत. पहिल्या मोसमात एकच गोष्ट शिकायची ठरवली असेल तर ही शिका.

रेषेनंतर पहिलं वळण. तुमची भीती वेगाची आहे असं तुम्ही लिहिलंत. सरळ पाण्यावर वेगाची भीती दोन शर्यतींत जाते, कारण तिथे बोट सर्वांत शांत असते. भीती वाटायला हवी ती पहिल्या वळणाची. आठ-दहा बोटी एकाच वेळी डावीकडे वळतात, आणि पुढच्या प्रत्येक बोटीच्या मागे पाण्याची भिंत उभी राहते. दोन-तीन सेकंद काहीही दिसत नाही. त्या वेळी नियमच तुमचे डोळे असतात: आपली लेन सोडायची नाही, आणि पुरेशी आघाडी असल्याशिवाय कुणाच्याही पुढ्यात आत घुसायचं नाही. समोरचा सरळ राहील यावर तुम्ही विश्वास टाकता, मागचा तुमच्यावर टाकतो. नवशिक्याने पहिलं वर्षभर बाहेरच्या बाजूने, रुंद वळावं. अंतर जास्त पडतं, पण पाणी स्वच्छ मिळतं आणि दिसतं.

धोका आहे, तो लपवणार नाही. २००७ मध्ये दुसऱ्या बोटीच्या लाटेवर माझ्या बोटीचं नाक उचललं गेलं, खाली वारा शिरला आणि ती उलटी झाली. हायड्रोचं हे जन्मजात दुखणं आहे. जी हवा तिला उचलते तीच मर्यादेबाहेर गेली की तिला पालथी करते. दोन बरगड्या दुखावल्या, सहा आठवडे खोकताना जीव जायचा. पण मी हे लिहायला उरलो तो साध्या साध्या गोष्टींमुळे. थ्रॉटल स्प्रिंगचा असतो, मूठ सुटली की इंजिन मंदावतं. अंगाला बांधलेली दोरी इंजिनाच्या स्विचला असते, माणूस बाहेर फेकला गेला की इंजिन बंद. शर्यतीचं जाड लाइफ जॅकेट, हेल्मेट, आणि पंख्यापासून वाचवणारे केव्हलारचे, म्हणजे सहज न कापल्या जाणाऱ्या धाग्याचे, कपडे. माझं डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत लाल झेंडा लागला होता आणि बचावाची बोट निघाली होती. यातली कोणतीही वस्तू जुनी, ढिली किंवा दुसऱ्याच्या मापाची वापरू नका. पैसे वाचवायचेच असतील तर बोटीच्या रंगात वाचवा. शिवाय 'मला पोहता येतं' यावर फार विसंबू नका, एप्रिल-मेमध्ये इथलं पाणी इतकं थंड असतं की पहिला श्वासच अडकतो.

बुडालेल्या इंजिनाचंही सांगून टाकतो, कारण ती वेळ येणारच. प्लग काढल्याशिवाय दोरीला हात लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना जोर लावलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढा, दोरी ओढून पाणी बाहेर काढा, तेल घातलेलं पेट्रोल आत सोडा, पुन्हा ओढा, आणि शक्यतो त्याच तासात इंजिन चालवून गरम करा. रात्रभर तसंच ठेवलंत तर सकाळी गंजाने बेअरिंग धरलेली असतील. उलटलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेत असताना त्याच्या इंजिनाचे प्लग दुसराच प्रतिस्पर्धी काढत असतो, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय. माझंही असंच दुसऱ्याने वाचवलं, आणि त्या हंगामात गुणांत तो माझ्या मागे होता.

गुणांचा हिशोब नवशिक्याने पाठ करावा. पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, चौथ्याला १६९. प्रत्येक पायरी आधीच्या पाऊणपट. दिवसाला सहसा दोन हीट, म्हणजे दोन वेगळ्या शर्यती, असतात आणि त्यांच्या गुणांची बेरीज धरतात. एक हीट जिंकून दुसरीत इंजिन बंद पडलं तर ४००. दोन्हींत शांतपणे तिसरे आलात तर ४५०. तिसऱ्या मोसमात मी एकही हीट जिंकली नाही आणि तरी आमच्या भागातल्या वर्गात वर्षअखेर दुसरा आलो, कारण चौदापैकी तेरा हीट पुऱ्या केल्या होत्या. इंजिन जास्त वर उचलून बसवलं की वेग मिळतो, पण थंड करणारं पाणी आत ओढायची वाट हवेत येते आणि पिस्टन धरतो. मी इंजिन एका शिमने (उंची जुळवायच्या पातळ पट्टीने) खाली ठेवायचो, पेट्रोलमध्ये तेल वीसास एक घालायचो आणि चालत राहायचो.

पंख्याबद्दल इथे थोडंच. अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरणारा हा दोन पात्यांचा तुकडा सगळ्यात जास्त फरक पाडतो, आणि त्याच्यावर काम करणारी माणसं हातोडी आणि कानसीने करतात, कडेला केसाएवढा वाक देतात. जपानमध्ये २०१२ पर्यंत स्पर्धकांचे स्वतःचे पंखे असत. तुम्ही पहिल्या वर्षी पंख्याला हात लावू नका. तुमच्याच वजनाच्या माणसाकडून एक चांगला पंखा विकत घ्या आणि तोच वापरा, म्हणजे चूक तुमची की धातूची हा गोंधळ उरणार नाही.

एक काळजी मात्र तुमच्या हातात नाही. पाणी कमी होत चाललंय. काठावर घरं झाली, आवाजाच्या तक्रारी आल्या, विमा महागला, कुठे पाणवनस्पती पंख्यात अडकते, कुठे शेवाळामुळे तळं बंद होतं. इथल्या म्हाताऱ्यांकडून मी सॅमॅमिश स्लूच्या शर्यतीच्या गोष्टी ऐकल्यात. ती एक अरुंद, वळणावळणाची नदी, दोन्ही काठांवर माणसांची गर्दी, आणि मधून या बोटी. साठच्या दशकात नदी सरळ केली, सत्तरच्या दशकात शर्यत बंद झाली. आता तिच्या काठाने लोक सायकली चालवतात. मीही चालवतो, आणि प्रत्येक पुलाखाली इंजिनाचा आवाज कसा घुमत असेल याचा अंदाज करतो. म्हणून विचार करायला आणखी पाच वर्षं घेऊ नका. जी तळी आज उघडी आहेत तिथे आज जा.

शेवटी तुमची मुलगी. नऊ ते पंधरा वयाच्या मुलांसाठी 'J' नावाचा वेगळा वर्ग आहे, त्यात इंजिनाचा घास, म्हणजे आत जाणारं हवा-पेट्रोल, पट्टी लावून कमी केलेला असतो. मोठ्या हायड्रोप्लेनचा मानाचा गोल्ड कप अकरा वेळा जिंकणारा सिएटलचा चिप हॅनॉअर लहानपणी अशाच छोट्या आउटबोर्ड बोटीवर शिकला. तिची इच्छा टिकली, पोहणं पक्कं असलं आणि आईची तयारी असली तर कदाचित तुमच्याआधी तिचीच बोट घ्यावी लागेल, आणि तसं झालं तर होऊ द्या. पाण्यात उभं राहून बोट धरायची कला तुम्हाला लागणारच आहे, ती तिच्यासाठी शिकाल.

येत्या शर्यतीच्या दिवशी सकाळी सातला, तपासणी सुरू होण्याआधी तळ्यावर या. छातीपर्यंतचे वेडर्स आणा, मुलीसाठी कान झाकायचे मफ आणा. नोंदणीच्या टेबलापाशी फक्त एवढंच सांगा की आम्ही दोघं नवीन आहोत आणि हात लावायला आलोय. पहिल्या हीटच्या आधीच कुणीतरी तुम्हाला हाक मारेल. कुणीच मारली नाही तर लाल टोपी घालून घड्याळाच्या मनोऱ्याजवळ उभा असेन, तिथे या.